जुनं रजिस्टर कधी मिटायचं?

कामाचं बोला : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

(या सदरातली उत्तरं देणाऱ्या ताई राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. शाखांचं संगणकीकरण, कोअर बँकिंग (सगळ्या शाखा एकाच संगणक प्रणालीला जोडणं) आणि पुढे विलीनीकरणाची तयारी, अशी कामं त्यांनी मुंबईत सांभाळली. मुक्काम मुलुंड पूर्व.)

प्रश्न : आमचं जुनं धर्मादाय रुग्णालय आहे, साधारण दोनशे खाटांचं. केसपेपरपासून बिलापर्यंत सगळा कारभार संगणकावर न्यायचं ट्रस्टींनी ठरवलंय आणि ती जबाबदारी माझ्यावर आली आहे. सल्लागार कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे १ एप्रिलला सगळे विभाग एकदम सुरू व्हायचेत. सिस्टर्स प्रशिक्षणाला येऊन सही करतात आणि निघून जातात. मोठे डॉक्टर म्हणतात, ‘आम्ही टायपिस्ट नाही.’ ट्रस्टींचं एकच, मुदत पाळा. कुठे हात घालू?
– प्रशासकीय अधिकारी, गिरगाव

उत्तर : सिस्टर्सबद्दलचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी माहिती तेवढीच आहे. उद्या एखाद्या वॉर्डात जा आणि सिस्टर-इन-चार्जच्या टेबलावरची रजिस्टरं मोजा. ॲडमिशन-डिस्चार्जचं, औषधांच्या इंडेंटचं, डाएटचं, लिननचं, ड्यूटी बदलतानाचं. नवं सॉफ्टवेअर आल्यावर यातलं कुठलं बंद होणार आणि कुठल्या तारखेला, हे त्यांना कोणी सांगितलंय का? मला शंका आहे. सांगितलं नसेल, तर त्यांच्या लेखी संगणक म्हणजे आणखी एक रजिस्टर, तेही मान मोडून लिहायचं. मग सही करून निघून जाणारच. मीही गेले असते.

नवं काय आणायचं हे ठरवायला सगळे असतात. त्याचं टेंडर निघतं, प्रेझेंटेशन होतं, उद्घाटनाला नारळ फुटतो. जुनं काय आणि कधी बंद करायचं, हे ठरवायला मात्र कोणी बसत नाही. मोठ्या प्रकल्पाच्या प्रमुखाचं काम म्हणजे हे दुसरं, असं मी समजते. पहिलं काम करायला सल्लागार कंपनी असते.

बँकांमध्ये यंत्रं आली तेव्हाचा काळ आठवून पाहा. नोकऱ्या जातील या भीतीने युनियनचा कडकडीत विरोध होता. १९८३ साली बँका आणि युनियन यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला, १९८४ साली बँकांमधल्या यांत्रिकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला आणि मग हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारं यंत्र, दिसू लागलं. दादरच्या आमच्या शाखेत त्या मशीनवरचं पहिले काही महिने कोणी कव्हरसुद्धा काढत नव्हतं. भाषणं झाली, हेड ऑफिसची परिपत्रकं आली, नोटीस बोर्डावर लागली. काही उपयोग नाही. आमचे मॅनेजर शहाणे होते. सेव्हिंगच्या ज्या लेजरचा ताळा कधीच वेळेत लागायचा नाही, ज्याच्यापायी महिनाअखेरीला दोघं-तिघं रात्री नऊपर्यंत बसायची, नेमकं तेच त्यांनी पहिलं मशीनवर घेतलं. आणि लगेच लेखी ऑर्डर काढली, की या लेजरचं हाताने बॅलन्सिंग आजपासून बंद. ज्या बाई युनियनच्या सभेत सगळ्यात मोठ्याने बोलायच्या, त्या कर्जतला राहायच्या. महिनाअखेरीला त्यांना लवकरची लोकल मिळायला लागली. पुढच्या महिन्यात करंट अकाउंटवाले विचारायला आले, की आमचा नंबर कधी?

तेव्हा तुमच्या वॉर्डात ‘सगळ्यात जास्त वैताग कशाचा’ हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येईल : डिस्चार्जच्या दिवशी बिल निघेपर्यंत नातेवाईक सिस्टर्सच्या डोक्यावर उभे असतात. तिथून सुरुवात करा.

आता ‘सगळे विभाग एकदम’बद्दल. नका करू. ट्रस्टींना पटवायला बँकेचं उदाहरण पुरणार नाही, रेल्वेचं द्या. मुंबईतली पहिली विजेवरची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला गेली, १५०० व्होल्ट डीसीवर. ती सगळी यंत्रणा २५,००० व्होल्ट एसीवर न्यायची होती, आणि तीही एक दिवस लोकल बंद न ठेवता. त्यांनी काय केलं? आधी दोन्ही विजांवर धावू शकतील अशा गाड्या आणल्या. मार्गावरची इन्सुलेशन्स वगैरे आधीच बदलून ठेवली, पुलांखाली तारेला पुरेशी जागा आहे का ते पाहिलं, सिग्नल यंत्रणा नव्या विजेला चालेल अशी केली. वीज बदलली ती शेवटी. तीसुद्धा बाहेरून आत, तुकड्यातुकड्याने : विरारकडून चर्चगेटकडे, कसारा-कर्जतकडून सीएसटीकडे. पश्चिम रेल्वेचं काम फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेची मेन लाइन जून २०१५ मध्ये आणि हार्बर एप्रिल २०१६ मध्ये. मधल्या वर्षांत हद्द आली की डब्यातले दिवे-पंखे क्षणभर जायचे. प्रवासी वर पाहायचे, ‘गेली का लाइट’ म्हणायचे, पुन्हा पेपर वाचायचे. कोट्यवधी लोकांना एवढाच त्रास.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. दोन्ही पद्धतींवर चालेल अशी सोय आधी करा, आणि गर्दीचा तुकडा शेवटी घ्या. आयसीयू आणि कॅज्युअल्टी सगळ्यात शेवटी. ओपीडीची नोंदणी आणि बिलिंग पहिलं, मग लॅब, मग फार्मसी, मग एकच वॉर्ड. त्यातही ज्या वॉर्डाच्या सिस्टर वाद घालतात तो निवडा, गप्प बसतात तो नको. वाद घालणाऱ्या सिस्टरने चुका सांगितल्या की तुमची अर्धी तपासणी फुकटात होते. १ एप्रिल ही तारीख अकाउंट्सवाल्यांना आणि स्टोअरच्या साठ्याला सोयीची आहे, ओपनिंग बॅलन्स स्वच्छ मिळतो, म्हणून स्टोअर त्या दिवशी घ्या हवं तर. वॉर्ड नको. आणि जुलै-ऑगस्टमध्ये काहीही नवं सुरू करू नका. मलेरिया, डेंगी, लेप्टोने खाटा भरलेल्या असताना सिस्टरला पासवर्ड विसरल्याची चौकशी करायला लावणं हा गुन्हा आहे.

काही दिवस जुनं आणि नवं दोन्ही चालवावं लागेल, आम्ही त्याला पॅरलल रन म्हणायचो. तो टाळू नका. कोअर बँकिंगच्या वेळी जुन्या खात्यांत जन्मतारखाच नव्हत्या, तर डेटा भरणाऱ्या एजन्सीने रिकाम्या जागी सरसकट १ जानेवारी १९०० टाकलं. त्यामुळे कॉलेजातली पोरंसुद्धा ज्येष्ठ नागरिक झाली आणि मुदत ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज घ्यायला पात्र ठरली. पॅरलल रन होता म्हणून ते आमच्या एका क्लार्कच्या नजरेत आलं. पण त्या रनला शेवटची तारीख हवी, भिंतीवर लिहिलेली. त्या दिवशी जुन्या रजिस्टरच्या शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारायची, मेट्रनची आणि तुमची सही, आणि रजिस्टर रेकॉर्ड रूममध्ये कुलपात. तसं केलं नाही तर पाच वर्षांनी जाऊन पाहा, दोन्ही चालू असतील. मी अशी ऑफिसं पाहिली आहेत.

तुमचं रुग्णालय धर्मादाय आहे म्हणून आणखी एक. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी आणि बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, हा हिशेब तुम्हाला धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. बाहेरून आणलेल्या तयार सॉफ्टवेअरला हे बहुधा माहीत नसतं. करारावर सही करण्याआधी त्यांच्याकडून तुमच्या मागच्या महिन्याच्या खऱ्या बिलांवर तो हिशेब काढून घ्या. ‘नंतर कस्टमाइझ करून देऊ’ म्हणाले तर सही पुढे ढकला.

राहिले डॉक्टर. ते म्हणतात ते बरोबर आहे, ओपीडीत साठ पेशंट असताना त्यांनी टाइप करत बसू नये. वर्षभर हाताने लिहिलेला केसपेपर स्कॅन करून जोडा, आणि पेशंटचे जुने लॅब रिपोर्ट एका स्क्रीनवर दिसतील एवढं त्यांना आधी द्या. पुढचं ते स्वतः मागतील. ट्रस्टींना मात्र मुदतीची एक तारीख देऊ नका, प्रत्येक विभागाची वेगळी द्या. मुदत पाळल्याचं समाधान त्यांना वर्षातून पाच वेळा मिळेल, आणि समाधान वाटून घेण्यात ट्रस्टी मंडळी कधी कमी पडत नाहीत.

प्रश्न : मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे, वय २९. पहिल्यांदाच मोठा प्रोजेक्ट हातात आलाय, चार टीम, पुण्यात आणि इथे मिळून. दर शुक्रवारी स्टेटस रिपोर्ट जातो आणि त्यात सगळं हिरवं, म्हणजे ‘वेळेवर चाललंय’, असतं, ‘९० टक्के पूर्ण’. मला माहीत आहे की तसं नाहीये. टीम लीड खरं सांगत नाहीत आणि बॉसना खरं ऐकायचं नाहीये. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते.

टक्केवारी विचारणं बंद कर. टक्केवारीला कोणी खोटं ठरवू शकत नाही, म्हणून तर लोक ती देतात. गणपतीला कोकणात जाणाऱ्या कुठल्याही माणसाला आठवेल, कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग बराचसा तयार होता, काही टप्प्यांवर गाड्याही धावत होत्या, आणि गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती ढासळत होती. मुंबईहून मंगळुरूपर्यंत सलग गाडी २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाली. त्याआधीच्या वर्षी कुणी ‘९५ टक्के काम झालं’ असं लिहिलं असतं तर ते खरंच असतं. पण सावंतवाडीच्या माणसाला मडगावला जायचं असेल तर त्या आकड्याचा उपयोग शून्य.

म्हणून तुझ्या टीम लीडना दोनच प्रश्न विचार. आजच्या घडीला हे सॉफ्टवेअर कुठून कुठपर्यंत चालतं, मला चालवून दाखव. आणि तू कोणाची वाट पाहतोयस? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक खरं देतात, कारण त्यात दोष दुसऱ्याचा असतो. चारही टीमची ती उत्तरं एका कागदावर लिहून काढ, तुझा पेडण्याचा बोगदा आपोआप दिसेल. मीटिंग रूममध्ये नको, त्यांच्या जागेवर जाऊन विचार. पुण्याला महिन्यातून एकदा तरी स्वतः जा. व्हिडिओ कॉलवर माणूस खरं बोलत नाही असं नाही, पण कॅन्टीनमध्ये जास्त बोलतो.

तुझ्याकडून किती रिपोर्ट जातात तेही बघ. शुक्रवारची एक्सेल, सोमवारचं प्रेझेंटेशन, रोजचा मेल, असे तीन असतील तर दोन बंद करून माग. ते तुझ्या बॉसलाही आवडेल, त्यालाही ते वाचायचे नसतात.

बॉसना वाईट बातमी सांगताना नुसती बातमी घेऊन जाऊ नकोस. ‘सर, ठरलेल्या तारखेला पेमेंटचा भाग होणार नाही. एक तर तो दुसऱ्या टप्प्यात टाकू, किंवा तीन आठवडे मागू, किंवा दुसऱ्या टीमचे दोघं द्या’ असं म्हण. आणि शुक्रवारी नको, मंगळवारी सांग. म्हणजे त्याला त्याच्या वरच्याला सांगायला वेळ मिळतो. बॉसना खरं ऐकायचं नसतं असं फार थोड्या वेळा असतं. चारचौघांत, पहिल्यांदा ऐकायचं नसतं, एवढंच.

प्रश्न : आमची आणि दुसरी अशा दोन कंपन्या दीड वर्षापूर्वी एक झाल्या. पाटी बदलली, लेटरहेड बदललं. पण अजून ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ चालूच आहे. मॅनेजमेंटने एकोप्यासाठी लोणावळ्याला दोन दिवसांचं शिबिर ठेवलंय. मी एचआरमध्ये आहे, आयोजन माझ्याकडे आहे. उपयोग होईल?
– वाचक भगिनी, अंधेरी पूर्व

उत्तर : चिक्की चांगली मिळेल.

रागावू नका, पण विलीनीकरणाची कायदेशीर तारीख आणि खरी तारीख यांत अंतर असतंच. बँक ऑफ बडोदामध्ये विजया बँक आणि देना बँक १ एप्रिल २०१९ ला विलीन झाल्या, आणि त्यांच्या सगळ्या शाखा एका संगणक प्रणालीवर यायला २०२० चं वर्ष संपत आलं. म्हणजे मधल्या काळात पाटी एक आणि आतली व्यवस्था वेगवेगळी. ते स्वाभाविक होतं, पण त्याचं वेळापत्रक होतं. तुमच्याकडे दीड वर्षानंतर आतलं काय काय अजून दोन-दोन आहे, त्याची यादी केली आहे का? रजेचे नियम दोन? प्रवासभत्त्याचे फॉर्म दोन? सीनियॉरिटी कोणत्या तारखेपासून धरायची, यावर लेखी काही आहे? शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाला ३० दिवस रजा आणि दुसऱ्याला २१, असं असेल तर लोणावळ्याच्या शेकोटीभोवती ते याच विषयावर बोलतील.

रजेपासून सुरुवात करा. पैशापेक्षा रजेवर माणसं जास्त चिडतात, हे मी युनियनशी वाटाघाटी करताना शिकले. दोन्हींतला जो नियम कर्मचाऱ्यांना बरा असेल तो सगळ्यांना लावला तर खर्च किती, हा आकडा काढून मॅनेजमेंटपुढे ठेवा. बहुधा शिबिराच्या बिलाच्या आसपास निघेल. मग सह्यांचे अधिकार : कोणत्या रकमेला कोणाची सही, एकच तक्ता, एकच तारीख. जुने फॉर्म छापखान्यातूनच बंद करा, नाहीतर स्टेशनरी संपेपर्यंत वापरू म्हणणारा एक स्टोअरकीपर प्रत्येक कंपनीत असतो.

शिबिर रद्द करायची गरज नाही. हे झाल्यावर घ्या.

प्रश्न : गोरेगावला आमची ४८ सभासदांची सोसायटी आहे. पुनर्विकासाचा ठराव मोठ्या बहुमताने झाला, पण तिघे अडून बसलेत. बाकीचे मला, सेक्रेटरीला, म्हणतात की कायद्याने पुढे जा. जाऊ का?
– सेक्रेटरी, गोरेगाव पश्चिम

उत्तर : जाता येतं. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या निर्देशांप्रमाणे सभेला दोन तृतीयांश सभासदांची हजेरी (गणपूर्ती) आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. पण कायद्याने पुढे जाण्याआधी तिघांच्याही घरी जा. कमिटी घेऊन नको, एकटे जा आणि चहा घ्या. तिघांचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. एक खरोखर जास्त जागा मागत असेल. दुसऱ्याला भाड्याच्या घरात म्हाताऱ्या आईला लिफ्ट मिळेल का याची काळजी असेल. तिसऱ्याने नात्यातल्या कोणाची तरी इमारत पाडून वर्षानुवर्षं तशीच पडलेली पाहिली असेल. पहिल्याचं ऐकू नका. दुसऱ्याला घर शोधून द्यायला कमिटीतला एक माणूस द्या.

आणि तिसऱ्याला मात्र तुमच्या बाजूला घ्या, कारण प्रश्न तोच बरोबर विचारतोय : राहतं घर रिकामं नक्की कधी करायचं? महापालिकेच्या परवानग्या, नोंदणीकृत करार, प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांची बँक गॅरंटी, भाड्याचे पुढचे चेक, हे सगळं हातात आल्याशिवाय एकाही सभासदाने किल्ली द्यायची नाही, असं त्याच्याच हाताने लिहून ठरावात घाला. बिल्डरची घाई असते. ‘बाकीचे कागद मागून येतील’ म्हणून आधी जागा मोकळी करून मागतात. हो म्हणू नका.

प्रश्न : प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं पीएमपी सर्टिफिकेट करावं का? वय ४१, बांधकाम क्षेत्रात आहे.
– वाचक, डोंबिवली

उत्तर : करा. बायोडेटा चाळणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात आणि तुमचा अर्ज बाजूला पडत नाही, बाहेरच्या देशातल्या कामांसाठी तर नक्कीच. अभ्यास रात्री होत नसेल तर डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या लोकलची वेळ थोडी आधीची धरा, बसायला मिळालं तर तेवढा तास तुमचा. परीक्षेची फी कंपनी परत देते का, ते एचआरला लेखी विचारून ठेवा. पुष्कळ कंपन्या देतात आणि कोणालाच सांगत नाहीत.